निर्वासित-स्थलांतरितांचा लघुपतपुरवठा

निर्वासित-स्थलांतरितांचा लघुपतपुरवठा : युद्ध, फाळणी, धार्मिक वा वांशिक छळ, दारिद्र्य इ. कारणांनी स्वतःचा मुलूख सोडून आलेल्यांना नव्या ठिकाणी छोटा व्यवसाय उभारता यावा, यासाठी दिली जाणारी अल्प रकमेची कर्जे आणि त्यांना जोडून दिले जाणारे व्यवहारशिक्षण यांची व्यवस्था. हातगाडी, शिवणयंत्र, दुकानातील पहिला माल, कारागिराची हत्यारे, लहानसे उपाहारगृह अशा गरजांसाठी ही कर्जे दिली जातात. त्यांची परतफेड बहुधा आठवड्याच्या वा महिन्याच्या हप्त्यांनी होते. ‘सूक्ष्मकर्ज’ ही संज्ञा विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात रूढ झाली. व्यवस्था मात्र तिच्याहून बरीच जुनी आहे.

प्रश्नाचे स्वरूप : कोणताही सावकार किंवा बँक कर्ज देताना साधारणतः तीन गोष्टी पाहते : तारण, ओळख आणि मागील व्यवहारांचा दाखला. निर्वासिताजवळ नेमक्या या तिन्ही गोष्टी नसतात. त्याचे घर, जमीन व दुकान सीमेपलीकडे राहिलेले असते. त्याच्या घराण्याची पत जाणणारी पेठ विखुरलेली असते. आणि त्याच्या वह्या जरी सोबत आल्या, तरी त्यांतील येणे वसूल करण्याचा मार्ग उरलेला नसतो. कसब, कष्टाची तयारी आणि व्यापाराचा अनुभव या गोष्टी त्याच्यापाशी पुष्कळदा असतात, परंतु त्यांचे मोल ठरविणारा कोणी नसतो. त्यामुळे या पतपुरवठ्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः तारणाला पर्याय शोधण्याचा इतिहास होय. समाजबांधवांचा जामीन, राज्यसंस्थेची तिजोरी आणि प्रशिक्षण हे असे तीन पर्याय निरनिराळ्या काळी पुढे आले. मदत आणि कर्ज यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा प्रश्न या तिन्हींच्या मुळाशी आहे.

न्यूयॉर्कमधील बिनव्याजी कर्जसंस्था : १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील ज्यूविरोधी दंगली व निर्बंध यांमुळे पूर्व यूरोपातील ज्यूंचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले. पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांपैकी सु. वीस लाख लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागात त्यांतील पुष्कळजण शिवणकामाच्या कारखान्यांत शिरले, तर अनेकांनी हातगाडीवरचा वा पाठीवरच्या गाठोड्यातील व्यापार पतकरला. त्या काळच्या व्यापारी बँका अशा लोकांना दारात उभे करीत नसत आणि खाजगी सावकारांचे व्याज परवडण्याजोगे नसे.

या परिस्थितीत १८९२ मध्ये त्या भागातील काही स्थलांतरितांनी अवघ्या ९५ डॉलरच्या भांडवलावर ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ स्थापन केली. आरंभीची कर्जे पाच ते पंचवीस डॉलरांची असत. त्यांवर व्याज आकारले जात नसे. कारण गरजू बांधवाकडून व्याज घेऊ नये, ही ज्यू धर्मशास्त्राची आज्ञा होती आणि हातउसने देऊन एखाद्याला स्वतःच्या पायांवर उभे करणे हे भिक्षेपेक्षा श्रेष्ठ मानले जाई. कर्जदारास तारण द्यावे लागत नसे; परतफेडीची हमी देणारा जामीनदार मात्र आणावा लागे. हा जामीनदार बहुधा त्याच गल्लीतला दुकानदार, त्याच गावाहून आलेला ओळखीचा मनुष्य किंवा त्याच प्रार्थनामंदिराचा सभासद असे. कर्जदाराची परीक्षा अशा रीतीने त्याला ओळखणाऱ्यांकडूनच होत असे. संस्थेने ज्यूेतरांनाही कर्जे दिली. बुडीत कर्जांचे प्रमाण अत्यल्प राहिल्याने तेच भांडवल पुनःपुन्हा फिरत राहिले. सॅन फ्रॅन्सिस्को (१८९७) व लॉस अँजेल्स (१९०४) या शहरांतही अशाच संस्था निघाल्या.

कर्जाला शिक्षणाची जोडही याच काळात मिळाली, परंतु ती वेगळ्या संस्थांकडून. ‘एज्युकेशनल अलायन्स’ (१८८९) ही संस्था नवागतांना इंग्रजी भाषा व नागरिकत्वाचे धडे देई. ‘बॅरन डी हर्श फंड’ (१८९१) याने भाषावर्गांबरोबरच धंदेशिक्षणाच्या शाळा चालविल्या. कर्ज देणारा हात एक आणि शिकविणारा दुसरा, अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली.

भिशी व पतसंघ : संस्था स्थापण्याइतके पाठबळ नसलेल्या स्थलांतरितांनी मायदेशातून आणलेल्या आवर्ती पतमंडळांचा आश्रय घेतला. ठराविक सभासदांनी दरमहा ठराविक रक्कम एकत्र करावयाची आणि जमलेली सर्व रक्कम पाळीपाळीने एकेकाने उचलावयाची, ही महाराष्ट्रात ‘भिशी’ म्हणून परिचित असलेली पद्धत चिनी लोकांत ‘हुई’, जपानी लोकांत ‘तानोमोशी’, कोरियन लोकांत ‘के’ आणि कॅरिबियन बेटांतील कृष्णवर्णीयांत ‘सुसू’ या नावांनी प्रचलित होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आयव्हान लाइट याने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चिनी, जपानी व वेस्ट इंडियन स्थलांतरितांच्या छोट्या धंद्यांच्या वाढीत या मंडळांचा मोठा वाटा असल्याचे प्रतिपादन केले. रक्कम उचलून पसार होणाऱ्यास पुन्हा समाजात तोंड दाखविता येत नसे, हेच या व्यवस्थेतील तारण होय.

याच सुमारास सहकारी पतसंघांची कल्पना अमेरिकेत पोहोचली. तिच्या प्रवासात भारताचाही दुवा आहे. बॉस्टनचा व्यापारी एडवर्ड फायलीन (१८६०–१९३७) १९०७ मध्ये भारतात आला असता, १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमानुसार बंगालमध्ये चालू असलेले काम त्याने तेथील निबंधक डब्ल्यू. आर्. गुर्ले यांच्याकडून समजून घेतले. पुढे मॅसॅचूसेट्स राज्याने १९०९ मध्ये केलेल्या पतसंघ कायद्यामागे फायलीनचे प्रयत्न होते. देशातील पहिला पतसंघ मात्र १९०८ मध्ये न्यू हँपशर राज्यातील मँचेस्टर या गिरणगावी निघाला. तो कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक गिरणी कामगारांचा होता.

राज्यसंस्थेचा प्रवेश : समाजाच्या जामिनावर चालणारी व्यवस्था हजारांना पुरते, एका झटक्यात येणाऱ्या लाखो लोकांना ती पुरत नाही. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारामुळे सु. बारा लाख निर्वासितांचा भार ग्रीसवर पडला, तेव्हा राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने ‘निर्वासित वसाहत आयोग’ (१९२३–३०) नेमण्यात आला आणि आंतरराष्ट्रीय कर्ज उभारून जमीन, घरे, जनावरे व अवजारे पुरविण्यात आली. या आयोगाचा भर मुख्यतः शेतीवर होता. शहरांतील कारागीर व दुकानदार बरेचसे स्वतःच्या बळावरच सावरले. नागरी निर्वासितांच्या व्यवसायांना सरकारी कर्ज देण्याचा याहून कितीतरी मोठा प्रयोग फाळणीनंतर भारतात झाला.

भारत : १९५१ च्या जनगणनेत देशातील विस्थापितांची संख्या सु. ७३ लाख भरली. त्यांपैकी सु. ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून व उरलेले पूर्व पाकिस्तानातून आलेले होते. पश्चिमेकडून आलेल्यांत शहरी लोकांचा, विशेषतः व्यापारी, सावकार, नोकरदार व व्यावसायिक यांचा भरणा मोठा होता. उलट पूर्व पंजाब, दिल्ली इ. भागांतून गेलेल्या मुस्लिमांत विणकर, लोहार, चांभार यांसारखे कारागीर पुष्कळ होते. गेलेल्यांच्या रिकाम्या जागा आणि आलेल्यांचे व्यवसाय यांचा मेळ बसत नसल्याने, कर्जाबरोबर नवे धंदे शिकविण्याची निकड आरंभापासूनच भासली.

सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात साहाय्य व पुनर्वसन खाते स्थापन झाले. व्यवसायासाठी दिल्या जाणाऱ्या कर्जांची दोन पातळ्यांवर विभागणी करण्यात आली. साधारणपणे पाच हजार रुपयांपर्यंतची छोटी कर्जे राज्य सरकारांमार्फत दिली जात. त्यांहून मोठ्या कर्जांसाठी १९४८ च्या अधिनियमान्वये ‘पुनर्वसन वित्त प्रशासन’ ही स्वतंत्र निगम-संस्था स्थापण्यात आली. विस्थापितांना व्यापारात वा उद्योगात स्थिर होण्यासाठी कर्ज देणे, एवढेच तिचे उद्दिष्ट होते. सामान्य बँका ज्या तारणाचा आग्रह धरतात त्याच्या अभावी कोणी वंचित राहू नये, हे या व्यवस्थेमागचे सूत्र होते.

पैशाइतकीच जागाही महत्त्वाची होती. दुकान मांडण्यास ओटा नसेल, तर मालासाठी मिळालेले कर्ज पोटात जाते. त्यामुळे सरकारने अनेक शहरांत विस्थापित दुकानदारांसाठी बाजारपेठा बांधल्या. दिल्लीचे खान मार्केट हे त्यांपैकीच एक. व्यवसायशिक्षणाची केंद्रे ठिकठिकाणी उघडण्यात आली. कर्नाल जिल्ह्यातील नीलोखेडी येथे एस्. के. डे यांच्या पुढाकाराने, निर्वासितांनी हातांनी काम शिकत शिकतच आपली नगरी उभारावी, असा प्रयोग झाला. कमलादेवी चट्टोपाध्याय (१९०३–८८) यांनी १९४८ मध्ये स्थापिलेल्या ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’ या संस्थेने दिल्लीजवळ छतरपूर येथे सहकारी शेती व फरीदाबाद येथे औद्योगिक सहकारी संस्था यांच्या द्वारे निर्वासितांना संघटित केले. एकट्या कर्जदाराऐवजी गट उभा करणे आणि त्याला कच्चा माल, हिशेब व विक्री यांची साथ देणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होते.

कर्ज आणि कायदा : भारतीय प्रयोगाचा फारसा लक्षात न घेतला जाणारा भाग म्हणजे त्यामागील कायद्यांची साखळी. नवे कर्ज घेणाऱ्या पुष्कळ निर्वासितांच्या डोक्यावर फाळणीपूर्व कर्जे होती. ज्या मालमत्तेवर ती काढली होती, ती मालमत्ता मात्र गेलेली होती. १९५१ च्या विस्थापित व्यक्ती (कर्ज समायोजन) अधिनियमाने अशा ऋणकोस न्यायाधिकरणाकडे जाऊन, आपल्या फेडण्याच्या कुवतीनुसार जुने देणे ठरवून घेण्याची सोय केली. त्यानंतर १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमाने पश्चिम पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेच्या पडताळलेल्या दाव्यांवर भरपाई देण्यास आरंभ झाला. पुनर्वसनासाठी घेतलेले सरकारी कर्ज हे ‘सार्वजनिक देणे’ मानून या भरपाईतून वळते करून घेण्याची तरतूद त्या अधिनियमात होती. म्हणजेच लाहोर वा कराचीत गमावलेले घर एका अर्थाने येथील दुकानाच्या कर्जाचे तारण ठरले.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना हा अधिनियम लागू नव्हता. एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारानुसार त्यांचे तेथील मालकीहक्क कायम असल्याचे आणि परिस्थिती निवळल्यावर ते परत जाऊ शकतील असे गृहीत धरण्यात आले होते. प्रत्यक्षात परतीऐवजी स्थलांतराच्या लाटा वर्षानुवर्षे येत राहिल्या. कागदोपत्री टिकून असलेल्या या हक्कांतून भरपाई मिळाली नाही, आणि भरपाई नाही म्हणून कर्ज वळते करून घेण्याचा मार्गही नव्हता. कलकत्त्याच्या आधीच गजबजलेल्या पेठांत छोट्या रकमेवर उघडलेली पुष्कळ दुकाने टिकली नाहीत. रोजगारासाठी १९५९ मध्ये ‘पुनर्वसन उद्योग निगम’ स्थापन करावे लागले, आणि कर्जांच्या बाबतीत कालांतराने टप्प्याटप्प्याने माफी द्यावी लागली. पंजाबी व सिंधी निर्वासित उद्यमशील आणि बंगाली निर्वासित परावलंबी, असा एक समज दीर्घकाळ प्रचलित राहिला. त्याचे मूल्यमापन करताना एकाच्या कर्जामागे भरपाईची रक्कम उभी होती आणि दुसऱ्याच्या मागे ती नव्हती, हा भेद दृष्टिआड करता येत नाही. स्वभावाच्या नावावर घातलेला हा फरक पुष्कळ अंशी कायद्याने निर्माण केलेला होता.

महाराष्ट्र : सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सर्वांत मोठी वसाहत कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी झाली, १९४९ मध्ये तिला ‘उल्हासनगर’ हे नाव देण्यात आले. बराकींतील घरांतच पापड, मिठाई, कापडशिवण, लाकूडसामान यांसारखे उद्योग वाढले आणि पुढे या गावाने औद्योगिक नगराचे रूप धारण केले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे महायुद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती रिकामी झाल्यावर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. गांधीनगर या नावाने ही वस्ती आज घाऊक कापडाची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे.

या वाढीत सरकारी कर्जाइतकेच परंपरागत पेढ्यांचेही स्थान होते. सिंधमधील शिकारपूर हे हुंडीव्यवहाराचे जुने केंद्र. तेथील सराफ ‘मुलतानी’ या नावाने ओळखले जात आणि मुंबईत त्यांच्या पेढ्या फाळणीपूर्वीपासून होत्या. फाळणीनंतर त्यांनी आपले व्यवहार मुंबई व अन्य शहरांतून चालू ठेवले. छोट्या व्यापाऱ्यांना ते नव्वद दिवसांच्या मुदतीच्या हुंड्यांवर पैसे देत आणि त्या हुंड्या व्यापारी बँकांत वटवीत. ज्या व्यापाऱ्याला बँक ओळखत नव्हती, त्याला सराफ ओळखत होता आणि सराफाला बँक ओळखत होती. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांच्या बाबतीत हीच भूमिका पुढे लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांनी बजावली. हिवाळ्याच्या तोंडी लोकरीचे कपडे उधारीवर द्यावयाचे आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता करावयाचा, असा हा व्यवहार बहुतांशी विश्वासावर चालतो. मुंबई, पुणे, नागपूर इ. शहरांत थंडीच्या दिवसांत लागणारी तिबेटी विक्रेत्यांची दुकाने अशा उधारीवरच उभी राहत आली आहेत. महाराष्ट्रातील तिबेटी वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ असून ती १९७२ मध्ये स्थापन झाली.

सूक्ष्मकर्ज चळवळ व प्रशिक्षण : मुहंमद युनूस (१९४०– ) यांनी १९७६ मध्ये बांगला देशातील जोबरा या गावी सुरू केलेल्या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. विनातारण, गटाच्या जबाबदारीवर व मुख्यतः स्त्रियांना कर्ज देण्याच्या या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस व बँक यांना विभागून देण्यात आले. अमेरिकेत १९७५ नंतर व्हिएटनाम, लाओस व कंबोडिया येथून आलेल्या निर्वासितांमुळे १९८० मध्ये निर्वासित अधिनियम संमत झाला, आणि त्यान्वये स्थापन झालेल्या संघीय कार्यालयाने १९९१ पासून निर्वासितांच्या छोट्या व्यवसायांसाठी अनुदाने देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी लघुउद्योग प्रशासनाच्या सूक्ष्मकर्ज योजनेसही कायद्याने मान्यता मिळाली. या योजनेत सरकार कर्जदारास थेट पैसे देत नाही. ते बिगर-नफा मध्यस्थ संस्थांना कर्ज देते. त्या संस्था लहान व्यावसायिकांना कर्ज देतात आणि सोबत प्रशिक्षणही देतात. कर्जाची कमाल मर्यादा २०१० मध्ये ३५ हजार डॉलरांवरून ५० हजार डॉलर करण्यात आली. १८९२ मध्ये वेगळे असलेले कर्ज देणारा व शिकविणारा हे दोन हात येथे एकत्र आले.

प्रशिक्षणाचा आशय वरवर साधा, पण नवागताच्या दृष्टीने निर्णायक असतो. घरखर्च व दुकानाचा गल्ला वेगळा ठेवणे, रोजची कीर्द लिहिणे, मालाची किंमत ठरविताना स्वतःच्या श्रमाचा हिशेब धरणे, परवाना व करविवरण भरणे, जागेचा भाडेकरार वाचून मगच सही करणे, हे त्यात शिकविले जाते. अमेरिकेसारख्या देशात प्रत्येकाच्या परतफेडीची नोंद ठेवली जाते आणि तिच्यावरून त्याची पत अंकांत मांडली जाते. ज्याने त्या देशात कधीच कर्ज घेतले नाही, त्याची नोंद कोरी असते आणि कोरी नोंद बँकेला खराब नोंदीइतकीच अडचणीची वाटते. म्हणून पहिले छोटे कर्ज पुष्कळदा भांडवलापेक्षा ही नोंद निर्माण करण्यासाठीच दिले जाते. काही समाजांच्या धर्मश्रद्धांचाही विचार करावा लागतो. मिनेसोटा राज्यातील सोमाली मुस्लिम व्यावसायिक व्याज निषिद्ध मानतात. त्यांच्यासाठी व्याजाऐवजी माल विकत घेऊन ठराविक नफ्याने हप्त्यांवर देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. धर्माज्ञेतून आलेली बिनव्याजी कर्जाची शंभर वर्षांपूर्वीची रीत अशा प्रकारे दुसऱ्या समाजात निराळ्या रूपाने दिसते.

मूल्यमापन : लघुपतपुरवठ्याकडून असलेल्या अपेक्षा त्याच्या कुवतीहून मोठ्या ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. भारत, बॉस्निया, मोरोक्को इ. सहा देशांत झालेल्या व २०१५ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत सूक्ष्मकर्जामुळे गरिबांचे उत्पन्न सरसकट वाढल्याचे आढळले नाही; धंदा निवडण्याचे स्वातंत्र्य काही प्रमाणात वाढले, एवढेच दिसले. एकाच वस्तीत एकाच प्रकारची दुकाने वाढली, तर सर्वांचीच विक्री घटते. कर्ज लहान असल्याने त्यावरील व्याजातून प्रशिक्षणाचा खर्च भागत नाही आणि संस्थांना अनुदानावर अवलंबून राहावे लागते. शिवाय कर्ज मिळाले, तरी धंदा करण्याचा हक्क हवा. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील १८ वे कलम स्वतंत्र व्यवसायाच्या हक्कासंबंधी आहे. तथापि अनेक देश अजूनही निर्वासितांना परवाना, दुकानाची जागा वा बँकखाते सहजासहजी मिळू देत नाहीत. अशा ठिकाणी कर्ज म्हणजे केवळ नवे ओझे ठरते.

न्यूयॉर्कची गल्ली, शिकारपुरी सराफाची पेढी आणि लुधियानाचा घाऊक बाजार या तिन्ही ठिकाणी कर्ज फिटत राहिले, कारण देणारा घेणाऱ्याला ओळखत होता. जेथे सरकारला लाखो अनोळखी लोकांना कर्ज द्यावे लागले, तेथे ओळखीची उणीव कायद्याने, भरपाईने व प्रशिक्षणाने भरून काढावी लागली. ती जेथे भरून निघाली नाही, तेथे कर्जाचे रूपांतर अखेर मदतीत झाले आणि न फेडल्याचा ठपका मात्र निर्वासिताच्या माथी राहिला.